पहिली पटकथा तीस-चाळीस पानांवर अडकते: बिघाड कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

लक्षण असं असतं. पहिली वीस-पंचवीस पानं झपाट्यानं होतात. पात्रं येतात, घर दिसतं, पहिलं भांडण होतं. मग तिसाव्या ते चाळिसाव्या पानाच्या दरम्यान कधीतरी हात थांबतो. पुढचा सीन सुचत नाही, आणि सुचला तर आधीच्याच एखाद्या सीनसारखा वाटतो. मग एक फ्लॅशबॅक येतो, एक स्वप्न येतं, एक नवं पात्र येतं. शेवटी फाइल बंद होते. काही दिवसांनी दुसरी गोष्ट सुरू होते आणि तीही त्याच सुमाराला थांबते.

याला बहुतेक जण प्रतिभेची कमतरता समजतात आणि खचतात. खरं कारण जवळजवळ नेहमीच बांधणीत असतं, आणि ते अडलेल्या पानावर सापडत नाही. चूक पहिल्या पंधरा पानांत झालेली असते. तिशी ओलांडल्यावर ती फक्त जाणवायला लागते. म्हणून पुढचा सीन सुचावा म्हणून ताटकळत बसू नका. खालच्या क्रमानं तपासा.

आधी पानं नव्हे, मिनिटं मोजा

'एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट' हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. रोमन लिपी, 12 पॉइंटचा कुरिअर फाँट, डावीकडे दीड इंच आणि बाकी बाजूंना साधारण एक इंच समास, संवाद मधल्या अरुंद पट्ट्यात, अशी मांडणी असेल तर तो ढोबळमानानं खरा ठरतो. कुरिअरमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते, 12 पॉइंटला एका इंचात दहा अक्षरं. देवनागरीत अक्षरांची रुंदी बदलते आणि मात्रा-उकारांमुळे ओळींतलं अंतर वाढतं. त्यात संवाद पानाच्या पूर्ण रुंदीत लिहिले असतील तर एका पानात बरंच जास्त मावतं. त्यामुळे तुमचं पस्तिसावं पान हे पस्तिसावं मिनिट असेलच असं नाही.

मोजायची रीत सोपी आहे. सलग पाच पानं निवडा, ज्यांत संवादही आहेत आणि कृतीही. घड्याळ लावून संवाद मोठ्यानं, पात्राच्या वेगानं म्हणा. कृतीच्या ओळी नुसत्या वाचू नका. दार उघडणं, जिना चढणं, पाकीट फोडून पत्र वाचणं, जे शक्य आहे ते खरंच करून बघा. पाच पानांना सात मिनिटं लागली तर एका पानाला 84 सेकंद झाले. म्हणजे पस्तिसावं पान संपलं तेव्हा 49 मिनिटं झालेली आहेत, आणि 110 मिनिटांचा चित्रपट असेल तर तुमच्या मांडणीत पटकथा 78-79 पानांत संपली पाहिजे.

हा आकडा हाती आला की अडचणीचं रूप बदलतं. तुम्ही सुरुवातीला अडकलात असं वाटत होतं, प्रत्यक्षात चित्रपटाच्या मध्यावर येऊन पोचलात. प्रेक्षकाला तिथे गोष्टीनं कूस बदललेली हवी असते आणि तुमच्या पानांवर अजून ओळखपरेड चालू असते. असं असेल तर पहिला इलाज म्हणजे सुरुवातीतली दहा-बारा पानं काढून टाकणं. कुठली काढायची, ते पुढच्या तपासणीत कळेल.

सीनची यादी

आतापर्यंत लिहिलेल्या प्रत्येक सीनसाठी एक कार्ड घ्या किंवा वहीत एक ओळ लिहा. चारच गोष्टी नोंदवा: या सीनमध्ये कोणाला काय हवंय, कोण किंवा काय आड येतंय, सीन सुरू होताना परिस्थिती काय होती, संपताना काय झाली. पस्तीस पानांत साधारण पंधरा ते पंचवीस कार्डं होतील. संवाद आठवू नका, सीनचं सौंदर्य आठवू नका, फक्त या चार रकान्यांत जे बसतं ते लिहा.

आता वाचा. तिसरा आणि चौथा रकाना सारखाच असेल ते कार्ड बाजूला काढा. पहिल्या रकान्यात 'माहिती कळते', 'नातं दिसतं', 'वातावरणनिर्मिती' असं काही लिहावं लागलं असेल तर तेही काढा. शेवटी, उरलेल्या कार्डांतली शेजारशेजारची दोन कार्डं अदलाबदल करून बघा. काहीच बिघडत नसेल तर ते दोन सीन एकमेकांतून निघालेले नाहीत, नुसते पाठोपाठ ठेवलेले आहेत. पहिल्या प्रयत्नात अशा जोड्या ढिगानं सापडतात. पुढचा सीन न सुचण्याचं मूळ इथेच असतं: मागच्या सीननं मागे काही शिल्लकच ठेवलेलं नसतं, तर पुढचा निघणार कशातून?

कारण पहिलं: नायिकेची इच्छा कॅमेऱ्याला दिसत नाही

उदाहरणांसाठी एकच गोष्ट धरू. वडील गेल्यावर थोरली बहीण माया घर विकायला काढते. घर मायाच्या नावावर आहे. धाकटी नंदा त्याच घरात राहते आणि तिला ते विकू द्यायचं नाही.

बहुतेकांच्या वहीत नंदापुढे असं लिहिलेलं असतं: 'तिला वडिलांच्या आठवणी जपायच्या आहेत.' ही भावना खरी आहे, पण तिच्यावर सीन उभा राहत नाही. आठवणी जपल्या गेल्या की नाही हे पडद्यावर कधी आणि कशावरून कळणार? नंदाला यश आलं की अपयश, हे प्रेक्षकाला एकही शब्द न ऐकता दिसलं पाहिजे. म्हणून इच्छेचं वाक्य असं घडवा: 'शुक्रवारी सकाळी अकराला माया करारनाम्यावर सही करणार आहे, त्याआधी नंदाला ती सही थांबवायची आहे.' यात एक वस्तू आहे, एक माणूस आहे, एक वेळ आहे. सही झाली किंवा नाही झाली, तिसरं काही नाही.

हे वाक्य तुमच्या पटकथेत पडद्यावर कधी उघड होतं ते बघा. विसाव्या मिनिटानंतर होत असेल तर मघाशी बाजूला काढलेली कार्डं बहुधा त्याच्या आधीचीच निघतील. ती गेली की गोष्टीला श्वास मिळतो. त्यात तुमची आवडती दोन-तीन दृश्यं जातील आणि वाईट वाटेल. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पण पटकथेत ठेवू नका.

कारण दुसरं: प्रयत्नांची शिडी नाही

हे सर्वांत जास्त आढळणारं कारण, आणि इथे वेळ द्या.

इच्छा ठरली तरी मधली पन्नास-साठ मिनिटं आपोआप भरत नाहीत. नंदा एकदा मायाला विनवते, माया नाही म्हणते, आणि लेखकाकडचं सामान संपतं. मग तीच विनवणी वेगळ्या खोलीत, वेगळ्या शब्दांत पुन्हा होते. त्यानंतर फ्लॅशबॅक येतो, कारण वर्तमानकाळात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिशीनंतर अचानक उगवलेला फ्लॅशबॅक दिसला की समजा, शिडी नाही.

शिडी अशी बांधा. नायिका जे जे करू शकते ते सगळं लिहून काढा, निदान पंधरा गोष्टी. पहिल्या पाच कोणालाही सुचतील अशाच असतात. प्रत्येकीसमोर तिची किंमत लिहा, म्हणजे हे केल्यावर नंदा काय गमावते. मग किंमत चढत जाईल असा क्रम लावा:

नंदा मायाला विनवते. किंमत काहीच नाही.
नंदा घर बघायला आलेल्या माणसाला छताची गळती दाखवते. मायाचा विश्वास जातो.
स्वतः घर घेण्यासाठी ती नोकरीच्या ठिकाणी मोठी उचल मागते. तिथली पत जाते.
ती करारनामा लपवते. माया तिला घराबाहेर काढते.
ती मायाच्या नवऱ्याला आपल्या बाजूला वळवते, आणि मायानं त्याच्यापासून लपवलेलं कर्ज उघडं पडतं. आता बहिणीचा संसार पणाला लागतो.

दोन नियम पाळा. माणूस स्वस्त उपाय आधी करतो. नंदा पहिल्याच दिवशी करारनामा लपवायला गेली तर ती वेडसर वाटेल आणि पुढे चढायला पायरी उरणार नाही. दुसरं, प्रत्येक प्रयत्न फसताना मागे जाण्याचा एक रस्ता बंद झाला पाहिजे. गळती दाखवल्यानंतर विनवणी करता येणार नाही, कारण माया आता ऐकणार नाही. असे रस्ते बंद होत गेले की पुढचा सीन शोधावा लागत नाही, नायिकेला करण्यासारखी एकच गोष्ट उरते.

साधारण दोन तासांच्या आतल्या चित्रपटाला अशा सहा ते आठ मोठ्या पायऱ्या पुरतात. एकेका पायरीला तयारी, प्रत्यक्ष प्रयत्न आणि परिणाम मिळून तीन ते सहा सीन लागतात. त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे सीन मिळवले की पूर्ण पटकथेत चाळीस ते साठ सीन का होतात, याचा हिशेब लागतो.

कारण तिसरं: समोरचा माणूस हात बांधून बसलाय

तुमच्या यादीतल्या दुसऱ्या रकान्यात मायाचं नाव असेल, पण माया स्वतःहून काय करते? नवख्या पटकथेत विरोधी पात्र नायिकेची वाट पाहत बसतं. ती आली की 'नाही' म्हणतं आणि परत बसतं. अशा वेळी गोष्ट पुढे ढकलायचं सगळं ओझं एकट्या नंदावर पडतं.

यावर एक खात्रीचा उपाय आहे. नंदाला पूर्ण बाजूला ठेवून मायाचा आठवडा दहा ओळींत लिहा, जणू चित्रपट तिचाच आहे. सोमवारी ती कोणाला भेटते, मंगळवारी कोणता फोन येतो, तिला घाई का आहे. इथे कळेल की वडिलांच्या उपचारांसाठी तिनं आपल्या नावावर कर्ज काढलं होतं आणि हप्त्याची मुदत शनिवारी संपते. आता माया दुष्ट राहत नाही, तिची बाजूही नंदाइतकीच खरी होते. शिवाय तिच्या दहा ओळींतल्या तीन-चार घटना तरी नंदाच्या शिडीला आडव्या जातात. खरेदीदार एक दिवस आधीच येतो. माया कुलूप बदलते. मधल्या भागात हव्या असलेल्या कलाटण्या बाहेरून आणायची गरज पडत नाही.

त्याच यादीतून आणखी एक गोष्ट हाताला लागते: कोणती माहिती कोणाला कधी कळते. मायाचं कर्ज तुम्ही आठव्या मिनिटाला शेजारणीच्या तोंडून सांगून टाकलं असेल, तर मध्यावर उघड करायला हातात काही उरत नाही. गोष्टीतल्या दडलेल्या बाबींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर दोन आकडे लिहा: प्रेक्षकाला कोणत्या मिनिटाला कळेल, नंदाला कोणत्या मिनिटाला. सगळे आकडे पहिल्या तीस मिनिटांत असतील तर निम्मी माहिती नंतरच्या मिनिटांत सरकवा. दोन आकड्यांत मुद्दाम अंतर ठेवलं तर प्रेक्षक नंदाच्या आधी काळजी करू लागतो, आणि त्या अंतरात चार-पाच सीन सहज तगतात.

कारण चौथं: सीन जिथे सुरू होतो तिथेच संपतो

बाकी सगळं जागेवर असून हात थांबत असेल तर शेवटचा लिहिलेला सीन भिंगाखाली घ्या. नमुना बघा (पहिली ओळ म्हणजे सीनचं हेडिंग: आतलं की बाहेरचं, जागा आणि वेळ):

आतील. स्वयंपाकघर – सकाळ
नंदा खिन्न मनानं चहा करते आहे. तिला बाबांची खूप आठवण येते आहे. माया येते.
माया: तू अजून रागावली आहेस का?
नंदा: हो. बाबा जाऊन दोनच महिने झालेत आणि तू घर विकायला निघालीस.
माया: प्रॅक्टिकल विचार कर, नंदा.
नंदा: तुला भावनाच नाहीत.
माया निघून जाते. नंदा रडते.

'खिन्न मनानं' आणि 'आठवण येते आहे' हे चित्रित करता येत नाही. नटीला करण्यासाठी इथे काही कामच दिलेलं नाही. बाबा कधी गेले हे दोघींनाही माहीत आहे, ते वाक्य फक्त प्रेक्षकासाठी आहे आणि तसं ऐकू येतं. पण मोठा दोष वेगळाच: सीनच्या आधी दोघींत वितुष्ट होतं, नंतरही तेवढंच आहे. त्यामुळे यापुढे कोणताही सीन येऊ शकतो, म्हणजेच कोणताच येत नाही.

हाच प्रसंग पुन्हा:

आतील. स्वयंपाकघर – सकाळ
टेबलावर करारनाम्याचे कागद पसरलेले. माया कागद उचलून खाली काहीतरी शोधते. ओट्यापाशी नंदा चहा गाळते. तिच्या मुठीत पेन.
माया: पेन कुठंय?
नंदा: चहा घे आधी.
माया: अकराला येतोय तो माणूस.
नंदा: त्याला गळती सांगितलीस?
मायाचे हात थांबतात.
माया: कुठली गळती?
नंदा: येऊ दे त्याला. मी दाखवते.
माया कागद गोळा करते, पर्समध्ये कोंबते, चेन लावते. चहाला हात न लावता निघून जाते.

लांबी जवळपास तेवढीच, पण आता दोन गोष्टी बदलल्या. नंदाकडे हत्यार आलं आणि कागद तिच्या हाताबाहेर गेले. अकरा वाजता कोणीतरी येणार आहे, त्यामुळे पुढचा सीन ठरलेला आहे. कागद पर्समध्ये गेले, त्यामुळे त्यापुढचाही एक सीन अंकुरलेला आहे. 'घर', 'बाबा', 'भावना' यांतला एकही शब्द कोणी उच्चारला नाही, तरी भांडण कशावरून आहे ते कळतं.

असा बदल करताना आधी दोघींच्या हातात एखादी वस्तू द्या, मग संवाद लिहा. संवाद आधी लिहिले की पात्रं समोरासमोर उभी राहून आपापली मतं मांडू लागतात. सीन शक्य तितका उशिरा सुरू करा: नमस्कार, विचारपूस, दार उघडणं हे काढून बघा. आणि परिस्थिती बदलली की दोन ओळींच्या आत बाहेर पडा. रडण्याची ती ओळ हमखास अनावश्यक असते.

कारण पाचवं: शेवट माहीत नाही, म्हणून सुरुवातच घासली जाते

रोज फाइल उघडायची, पहिल्या पानापासून वाचत यायचं, दोन शब्द बदलायचे, थकून थांबायचं. यात पहिली दहा पानं चकचकीत होतात आणि चाळिसावं पान तिथेच राहतं. शेवटचा सीन आत्ताच लिहून टाका, कच्चा चालेल. मग त्याच्या आधी काय घडलं असलं पाहिजे ते एका वाक्यात, त्याच्या आधी काय ते दुसऱ्या वाक्यात, अशी पाच वाक्यं मागे या. वरच्या शिडीच्या टोकाशी ही वाक्यं जुळतात का बघा. जुळत नसतील तर शेवट बदला. शिडी बांधायला जास्त कष्ट पडलेले असतात.

पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागची पानं दुरुस्त करायची नाहीत. तिसऱ्या पानावर मायाला नवरा नव्हता आणि आता हवाय? चालू ओळीतच कंसात नोंद करा, 'मागे नवरा आणणे', आणि तो पहिल्यापासून होता असं धरून पुढे लिहा. दिवसाचं काम पानांत मोजू नका, सीनमध्ये मोजा: रोज एक. थांबण्यापूर्वी पुढच्या सीनचं हेडिंग आणि पहिली कृती लिहून ठेवा.

टायपिंगमुळे होणारी अडचण

कधी कधी अडथळा गोष्टीत नसून फाइलमध्ये असतो आणि त्यानं लिहिण्याची लय तुटते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, शब्द शोधताही येत नाही. पहिल्या दिवसापासून युनिकोडच वापरा. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा फाँट पुरेसा आहे. वाचायला देताना पीडीएफ द्या.

फाउंटन या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहीत असाल तर आणखी एक खोच आहे. तिथे पात्राचं नाव रोमन कॅपिटल अक्षरांवरून ओळखलं जातं आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत. म्हणून नाव 'कृती' समजलं जातं आणि सगळी मांडणी विस्कटते. नावाच्या आधी @ लावा, सीन हेडिंगच्या आधी टिंब द्या, आणि खुणेच्या नोंदी दुहेरी चौकोनी कंसात [[ ]] टाका. शब्दांची निवडही एकदाच ठरवा. 'आतील' की 'अंतर्गत', 'स्वयंपाकघर' की 'किचन'. एकाच जागेला तीन नावं असली तर पुढे चित्रीकरणासाठी याद्या काढताना ती तीन वेगळी ठिकाणं मोजली जातात.

एवढं करूनही शिडी तीन पायऱ्यांवर संपते

पंधरा उपाय लिहायला बसलात आणि खरोखर पटणारे तीनच निघाले, समोरच्या पात्राचा आठवडा दोन ओळींत आटोपला, दडलेली बाब एकच आहे, असंही होतं. मग ती गोष्ट दोन तासांची नाही. तिला ताणून उपपात्रं, गाणी आणि फ्लॅशबॅक भरण्याऐवजी ती दहा ते वीस मिनिटांच्या लघुपटासाठी लिहा. वरचीच पद्धत चालेल: इच्छा पहिल्या मिनिटात, तीन पायऱ्या, प्रत्येकीला एक-दोन सीन, एकच गुपित आणि ते शेवटच्या पायरीवर. जमलेली पस्तीस पानं फेकू नका. यादीतल्या ज्या कार्डांवर तिसरा आणि चौथा रकाना वेगळा होता तेवढीच उचला. लघुपटाला लागणारे सहा ते दहा सीन बहुतेक वेळा त्यांतच लिहून झालेले असतात.